अस्वलघळीतली पानं

मिलुंकामावशीनं दिलेली तारीख मी डोळे मिटून पाळतो. सोळा वर्षं झाली. सप्टेंबर संपत आला की मी तिला फोन करतो. ती आधी हवा, गुडघे आणि सरकार यांच्याबद्दल काय ते सुनावून घेते, मग म्हणते, "लिही. अठरा ऑक्टोबर." मी लिहितो. त्या दिवशी बसभर माणसं घेऊन तारा नावाच्या डोंगरावर जातो. गरुडकड्यावर उभं राहिलं की पायाखालच्या दरीपासून समोरच्या माथ्यापर्यंत बुक्वाची झाडं तांब्या-सोन्याच्या रंगात नुसती पेटलेली असतात. चार दिवस आधी गेलात तर निम्मं रान हिरवं, चार दिवस उशिरा गेलात तर नुसत्या काटक्या.

हे तिला कुठून कळतं, असं पुष्कळ जण विचारतात. मावशी पोस्टात होती. यावोरिना गावात आणि वरच्या सगळ्या वाड्यावस्त्यांवर तिनं एकतीस वर्षं टपाल वाटलं, अर्धी पायी आणि अर्धी खटारा लाडा गाडीतून. कुठल्या उतारावरचं कुठलं झाड कधी रंग धरतं, कधी टाकतं, हे तिला पाठ आहे. तिला त्याचं कौतुकही नाही. "रोज त्याच रस्त्यानं गेलं की गाढवालासुद्धा कळतं," म्हणते.

मी मूळचा इकडचाच, उझित्सेचा. बायको बानातची, म्हणून तिकडं राहायला गेलो आणि बस चालवू लागलो. बानात म्हणजे पाट ठेवावा तसा सपाट मुलूख. तिथल्या माणसांना डोंगराचं भारी वेड. दरवर्षी माझ्या बसमध्ये पेन्शनरांचं एक मंडळ असतं, आणि त्याच्या पुढारी देसांकाबाई. बाईंनी अडतीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. अजूनही त्या बसमध्ये चढल्या की सत्तरीचे म्हातारे हातातलं खाणं लपवतात.

मी सांगतोय ते चार वर्षांपूर्वीचं. त्या साली मावशीनं एकोणीस तारीख दिली होती, शनिवार. आणि गुरुवारी दुपारी डोंगरावर दक्षिणेचा वारा सुटला. मागून ओला बर्फ पडला. शुक्रवारी सकाळी मी बातम्यांत बघितलं तर रस्त्यावर झाडं आडवी झालेली. मी लगेच फोन लावला.

"मावशी, रद्द करू का?"

"कशाला?"

"अगं, पानं राहिली असतील का?"

"मी तारीख बदलली का?"

"नाही."

"मग ये की." आणि फोन ठेवला.

मी गेलो. पहाटे चारला चव्वेचाळीस माणसं, काठ्या, थर्मास, औषधांच्या डब्या आणि देसांकाबाई असं सगळं घेऊन निघालो. दहा वाजता गरुडकड्यावर बस उभी केली, माणसं खाली उतरली आणि कठड्यापाशी जाऊन उभी राहिली. समोरचा सगळा डोंगर करडा. हजामत केल्यासारखा. पानं होती, पण ती चिखलात आणि बर्फाच्या लगद्यात पडलेली.

"फांद्या छान आहेत," मागून कोणीतरी म्हातारबुवा म्हणाले. "एकेक मोजता येते."

देसांकाबाई माझ्याकडे वळल्या. "मियात, सहा तास बसून आम्ही हे बघायला आलो? असल्या काटक्या माझ्या अंगणात आहेत. त्यांच्यासाठी मला पहाटे तीनला उठावं लागत नाही."

 माझे कान तापले होते. तेवढ्यात मावशीची लाडा खोकत खोकत वर आली. मावशी उतरली. बुटकी, रुंद, अंगात पोस्टातलं जुनं निळं जाकीट. त्यावरची नावाची पट्टी तिनं उसवून काढली होती, पण खालचं कापड गडद राहिल्यानं ती होती तिथं कळत होती. तिनं करड्या डोंगराकडे एकदा बघितलं, जणू भांड्यातलं दूध उतू गेलंय की नाही एवढंच बघायचं होतं.

"पानं कुठं आहेत?" देसांकाबाईंनी विचारलं. वर्गात गृहपाठाची वही मागावी तसं.

"आहेत," मावशी म्हणाली. "इथं नाहीत."

"मग कुठं?"

"बाई, तुम्ही थंडीत उभ्या राहू नका. माझ्या घरी चला, काहीतरी खा. बाराला पानं दाखवते."

तिच्या आवाजात इतकी खात्री होती की चव्वेचाळीस माणसं मुकाट्यानं परत बसमध्ये चढली. देसांकाबाईसुद्धा.

मावशीच्या घरी खालच्या मोठ्या खोलीत टेबलं मांडलेली होती. मक्याचा गरम पाव, ताटभर कायमाक, आलुबुखाराचा मुरंबा, आणि ज्याला हवी त्याच्या चहात राकियाची, म्हणजे फळांच्या घरगुती दारूची, धार. दुधाच्या सायीचा तो खारट कायमाक पावावर फासला की माणूस तक्रार करत नाही. माझ्या माणसांचे चेहरे सैल झाले. मीही पाव तोंडात घातला होता, तेवढ्यात मावशीनं बाही धरून मला बाहेर ओढलं.

"चल. ओब्रादकडे जायचंय."

मी तोंडातला पाव गिळला. "ओब्रादकाका? तुझा दीर?"

"दुसरा कुठला ओब्राद आहे इथं?"

"मावशी, तुमचं बोलणं नाही ना?"

"अकरा वर्षं नाही. म्हणून तर तुला नेते आहे. गाडीत बस."

गाडीत तिनं मला सगळं सांगितलं. सांगताना गाडी इतकी जोरात हाकली की मी अर्धं ऐकलं आणि अर्धं देवाचं नाव घेतलं.

गावाच्या पलीकडे अस्वलघळ आहे. दोन्ही बाजूंना कडे, मधून ओढा, आणि आत जुन्या बुक्वाचं दाट रान. दक्षिणेचा वारा घळीच्या वरून जातो, आत उतरत नाही. आतल्या ओलाव्यानं पानं तिथं थोडी उशिरा पिकतात आणि आठ-नऊ दिवस उशिरा गळतात. मावशीच्या माळ्यावरून घळीची फक्त वरची कड दिसते. तिनं त्या सकाळी दुर्बीण लावून बघितलं होतं. कड अजून पिवळी होती, उघडी पडली नव्हती.

"कड पिवळी म्हणजे आत सोनं," ती म्हणाली.

"आणि नसलं तर?"

"असणार."

घळीत वरच्या तीन घरांना टपाल द्यायला ती एके काळी रोज जायची. ती घरं आता ओस पडलीत. घळीत शिरायची वाट एकच, आणि ती ओब्रादच्या अंगणातून, त्याच्या कुरणातून जाते. दोघांचं बोलणं तुटल्यावर ओब्रादनं वाटेवर फाटक बसवलं आणि त्याला तार गुंडाळली. तेव्हापासून त्या घळीत बाहेरचं कोणी गेलेलं नव्हतं.

भांडणाचं कारण एक पाकीट. ओब्रादचा एकुलता एक मुलगा वेलिबोर. त्यानं ऑस्ट्रियात कामाला जाण्यासाठी अर्ज केला होता. बापाला हे कळलं होतं, आणि उत्तराचं पाकीट आलं की मला दे, नाहीतर मुदत टळेपर्यंत पिशवीत राहू दे, असं त्यानं मावशीला बजावून ठेवलं होतं. पाकीट आलं. रजिस्टर्ड. मावशीनं ते लाकडाच्या वखारीत जाऊन वेलिबोरच्या हातात दिलं आणि सही घेतली. महिन्याभरात पोरगा लिंत्सला गेला. ओब्राद पोस्टात आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "तू माझं घर ओसाड केलंस." पुढच्या थंडीत मावशीचा नवरा, ओब्रादचा सख्खा मोठा भाऊ रातोमीर, वारला. ओब्राद दफनाला आला, दफनभूमीच्या फाटकाबाहेर उभा राहिला, मेणबत्ती लावली आणि निघून गेला. मुलाची पत्रं येत होती. ओब्राद दारात उभा राहून पाकीट हातात घ्यायचा, त्यावर 'नाकारलं' असं लिहायचा आणि मावशीकडे परत द्यायचा. तोंडानं अक्षर नाही. दोन वर्षं असं चाललं. मग पत्रं यायची थांबली.

"काल का नाही विचारलंस त्याला?" मी म्हटलं. "निदान फोन तरी."

"काल विचारलं असतं तर रात्रभर विचार करून नाही म्हणाला असता. आज चव्वेचाळीस माणसं दारात आलेली असताना नाही म्हणणं जड जातं."

"आणि तरी म्हणाला तर?"

 तिनं गाडी हळू केली नाही.

ओब्राद अंगणात लाकडं रचत होता. उंच, काटक, पांढऱ्या मिशा. कुत्रं भुंकलं. त्यानं मान वर केली, आम्हाला बघितलं आणि हातातलं लाकूड नीट जागेवर ठेवून मगच फाटकाकडे आला. फाटक उघडलं नाही. मावशीकडे बघितलंसुद्धा नाही.

"मियात," तो मला म्हणाला, "तिला सांग, पोस्ट बंद होऊन तीन वर्षं झाली."

मी मावशीकडे वळलो. मावशी फाटकाकडे बघत म्हणाली, "त्याला सांग, मला माहीत आहे. किल्ली मीच परत केली."

"मग कशाला आली, विचार."

"सांग त्याला, माझ्याकडे पाहुणे आलेत. घळ बघायची आहे त्यांना."

"सांग, घळीत बघण्यासारखं काही नाही."

"हो का? मग बरोबर आहे," मावशी म्हणाली. "मी त्यांना तेच सांगते. म्हणते, घळपण उघडी पडली असेल. गुरुवारच्या वाऱ्यानं तिथलंही सगळं झाडून नेलं असेल."

"झाडून नेलं?" ओब्राद फाटकावर आदळलाच. "अगं, एक पान हललं नाही आतलं! वारा कधी उतरलाय का तिथं? तुला माहीत नाही?" आणि मग तो थांबला. मिशीखाली काहीतरी हललं. "तुला माहीत आहे. पानांच्या बाबतीत तू जन्मात कधी चुकली नाहीस. मला बोलायला लावण्यासाठी केलंस हे."

"लागलास ना बोलायला?"

मला वाटलं, झालं, आता तो हसेल आणि तार सोडेल. पण त्याचा चेहरा परत दगडासारखा झाला. तो फाटकावर दोन्ही हात टेकून उभा राहिला, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा तिच्याशी सरळ बोलला.

"चुकलं म्हण. त्या पाकिटाच्या बाबतीत चुकलं एवढं म्हण, मी आत्ता फाटक उघडतो. तुझ्या पाहुण्यांना खांद्यावर बसवून नेतो."

मी मावशीकडे बघितलं. घड्याळात सव्वाअकरा झाले होते. घळीत ऊन बारा ते दीड एवढंच येतं, हे तिनं मला गाडीत सांगितलं होतं. मनात म्हटलं, म्हणून टाक गं बाई. एक शब्द. कोणाचं काय जातंय.

"नाही म्हणणार," ती म्हणाली.

"एवढी माणसं आणलीस आणि एक शब्द जड झाला?"

"शब्द जड नाही. खोटा आहे. पाकिटावर वेलिबोरचं नाव होतं, ओब्राद. तुझं असतं तर तुला दिलं असतं, आणि पोरानं पाया पडून मागितलं असतं तरी त्याला दिलं नसतं. मी ही माणसं घेऊन गरुडकड्यावरच्या काटक्या बघत बसेन, पण हे म्हणणार नाही. चल रे मियात."

ती वळली आणि चार पावलं गेलीसुद्धा. मी तिच्या मागे. मग ती थांबली, पण मागं वळून बघितलं नाही.

"एक सांगते, कारण तू कधी विचारलं नाहीस. त्यानं पाकीट लगेच फोडलं नव्हतं. ओंडक्यावर बसून राहिला, हातात धरून. मला म्हणाला, काकू, जाऊ का? मी म्हटलं, हे पोस्टातल्या बाईचं काम नाही. घरी जा आणि बापाला विचार. त्यानं विचारलं की नाही, मला माहीत नाही."

  मग ओब्राद म्हणाला, अगदी हळू, "विचारायला आला होता."

मावशी वळली.

"संध्याकाळी. गोठ्याच्या दारात उभा राहिला. म्हणाला, बाबा, एक विचारायचंय. माझ्या लक्षात आलं काय ते. मी म्हटलं, गाईंना पाणी पाज आधी." त्यानं टोपी काढली आणि परत घातली. "त्यानं पाणी पाजलं. परत आला नाही विचारायला. मीही बोलावलं नाही."

 मी माझ्या बुटांकडे बघत होतो. माझ्या घरीही एक मुलगा आहे, वयात आलेला, आणि तो काही विचारायला आला की मीही असंच काहीतरी काम सांगतो.

ओब्राद फाटकाशी वाकला आणि तार सोडवायला लागला. ती इतकी गंजली होती की सुटेना. शेवटी तो आत गेला, पक्कड घेऊन आला आणि त्यानं ती तोडली.

"डाव्या बाजूनं चालायला सांग त्यांना," तो म्हणाला. "उजवीकडे गवत राखलंय. आणि ओरडाआरडा नको. आणि बसनं इथपर्यंत येऊ नकोस मियात, पुलावर रुतशील."

"बरं," मी म्हटलं.

"आणि वहिनी," तो म्हणाला. हा शब्द निघाला तेव्हा त्याचा त्यालाच थोडा अवघड गेला असावा. "बाराला आणू नकोस त्यांना. साडेबाराला आण."

"ऊन बाराला येतं."

"यायचं. कड्यावरची ती फर आठवते? कमरेएवढी होती तुझ्या वेळी. आता घराएवढी झालीय. ती बाजूला झाल्याशिवाय ऊन आत पडत नाही. अकरा वर्षांत झाडं वाढतात."

 पानांच्या बाबतीत कोणीतरी तिची चूक काढलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. चूक फरच्या झाडाची होती, पानांची नाही, असं ती अजून म्हणते.

साडेबाराला आमची वरात घळीत शिरली. ओब्राद पुढे. त्यानं गोठ्यामागून कुंपणाच्या सात-आठ काठ्या काढल्या आणि ज्यांचे पाय डगमगत होते त्यांच्या हातात दिल्या. ओढ्यावरच्या दगडांवर उभा राहून एकेका म्हातारीला हात देऊन पलीकडे नेलं. तिसऱ्या म्हातारीला तो म्हणाला, "घाबरू नका हो, मी गाईसुद्धा नेल्यात इथून." ती म्हणाली, "मग मला जपून न्या, मी गाईपेक्षा महाग आहे."

आणि वळणावरून पुढं गेलो तर सगळे आपोआप थांबले.

मी सोळा वर्षं गरुडकड्यावरून पानं बघतोय. पण ते वरून, लांबून. इथं आपण आत होतो. डोक्यावर पानं, पायाखाली पानं, ओढ्याच्या डोहात तरंगणारी पानं. वरच्या शेंड्यांना तांब्याचा रंग, मधल्या फांद्यांना मधाचा, आणि अगदी खालच्या, अजून हिरवटपणा न सोडलेल्या. वारा नव्हता. तरी एखादं पान सुटायचं आणि खूप वेळ घेत खाली यायचं. मग ते ऊन फरच्या झाडामागून बाहेर पडलं आणि घळीत उतरलं.  

सगळ्यात आधी बोलल्या देसांकाबाई. त्या एका झाडाला हात लावून उभ्या होत्या.

"अडतीस वर्षं मी मुलांना सांगितलं," त्या म्हणाल्या, कोणाला उद्देशून नाही, "की पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो. हिरवा त्याला झाकून असतो. हिरवा ओसरला की पिवळा दिसतो. फळ्यावर आकृती काढायचे. प्रश्नपत्रिकेत चार गुण." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मला स्वतःला ते पटलेलं नव्हतं. आज पटलं."

मावशी शेजारीच होती. "तुम्हाला दहा वाजता माझा राग आला होता," ती म्हणाली.

"आला होता. आणि तुम्ही असं छातीठोक बोललात त्याचा जास्त आला होता."

"मग आता?"

"आता तुमच्या त्या कायमाकची कृती लिहून द्या, म्हणजे फिटलं."

ओब्राद लांब एका दगडावर बसला होता. म्हाताऱ्यांचा एक घोळका त्याच्याभोवती जमला. हे झाड किती जुनं, अस्वल अजून येतं का, एवढ्या आडजागी एकटे कसे राहता. तो आधी हो-नाही एवढंच बोलत होता. मग हळूहळू खुलला. अस्वलाची गोष्ट सांगताना उठून उभा राहिला आणि अस्वलासारखे हात वर केले. देसांकाबाईंकडे एक जुना कॅमेरा असतो, फोनवर त्यांचा विश्वास नाही. त्यांनी बरोबर त्याच वेळी फोटो काढला. वर सोनेरी पानं, खाली हात वर केलेला ओब्राद, आणि भोवती हसणारी म्हातारी माणसं.

"मी हे कागदावर छापून घेते," बाई म्हणाल्या. "तुम्हाला एक पाठवते. अजून कोणाला हवा असेल तर पत्ता द्या. घरच्या कोणाला?"

मी मावशीकडे बघितलं. मावशीचे ओठ हललेले मला दिसले. तिला तो पत्ता पाठ असणारच, दोन वर्षं ती पाकिटं तिच्याच हातून गेली होती. पण ती बोलायच्या आत ओब्राद बोलला.

"वेलिबोर," तो म्हणाला. आणि मग रस्त्याचं नाव, घर क्रमांक सतरा, दुसरा मजला, पिनकोडचे चार आकडे, लिंत्स, ऑस्ट्रिया. न अडखळता, परवचा म्हणावा तसा. जी पाकिटं त्यानं उघडलीच नव्हती, त्यांच्या मागच्या बाजूवरचा पत्ता.

बाईंनी लिहून घेतलं. "मुलगा का?"

"मुलगा."

"सोबत दोन ओळी लिहू का? काय लिहू?"

ओब्रादनं घराच्या दिशेनं बघितलं. 

"लिहा, गाई विकल्या. आता गोठ्यात काही काम नसतं."

बाईंना त्यातलं काही कळलं नाही, पण त्यांनी शब्दाला शब्द लिहून घेतलं. मावशीला कळलं. ती पाठ फिरवून ओढ्यापाशी गेली आणि हात धुवायला लागली. हात स्वच्छच होते.

दीडला ऊन गेलं आणि घळ निळसर झाली. आम्ही परत फिरलो. ओब्रादच्या अंगणात सगळ्यांना थांबावं लागलं, कारण राकिया घेतल्याशिवाय फाटकातून बाहेर सोडणार नाही, असं आता तो म्हणत होता. घरात पेले सहाच. चव्वेचाळीस माणसांनी ते आळीपाळीनं वापरले, आणि मधल्या वेळात मावशी त्याच्या स्वयंपाकघरात शिरून ते विसळत होती. आतून तिचा आवाज येत होता. "हे फडकं आहे की पायपुसणं? आणि ही कढई कोणी अशी ठेवली?" ओब्राद बाहेर मला म्हणाला, "बघितलंस? बारा मिनिटं नाही झाली आत जाऊन." पण तो पुन्हा पुन्हा दाराकडे बघत होता.

परतीच्या वाटेवर बसमध्ये गाणी झाली. देसांकाबाई माझ्या मागच्या सीटवर होत्या. आमच्या झ्रेन्यानिन शहराचे दिवे दिसायला लागल्यावर त्या म्हणाल्या, "मियात, पुढच्या वर्षी पहिली नावं आमची लिहा." मी म्हटलं, बरं. घरी पोचलो तेव्हा माझा मुलगा जागा होता, टीव्ही बघत. मी शेजारी बसलो आणि विचारलं, काय रे, मागच्या आठवड्यात काहीतरी विचारायला आला होतास ना? तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मला ताप आलाय. पण मग त्यानं टीव्हीचा आवाज बारीक केला.

फोटो लिंत्सला पोचला. वेलिबोरनं पत्र लिहिलं नाही, फोनही केला नाही. मे महिन्यात, सेंट जॉर्जच्या सणाला, तो सरळ दारात उभा राहिला. बायको आणि पाच वर्षांची मुलगी घेऊन. मुलीला आपली भाषा अर्धीच येत होती. बापलेक काय बोलले, ते मला माहीत नाही. मावशी म्हणते, पहिले दोन दिवस दोघांनी मिळून कुंपण दुरुस्त केलं आणि खिळे, हातोडा, पाणी दे, एवढंच बोलले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती मुरंब्याची बरणी घेऊन गेली तर दोघं ओसाड गोठ्यात उलट्या बादल्यांवर बसले होते आणि दार अर्धं लोटलेलं होतं. ती बरणी पायरीवर ठेवून परत आली.

आता वेलिबोर दर वर्षी येतो, पण उन्हाळ्यात, मुलीच्या शाळेला सुट्टी असते तेव्हा. पानं पिकताना त्याला रजा मिळत नाही. ओब्राद त्याला फोटो पाठवतो. त्यासाठी त्यानं फोन घेतला, आणि तो वापरायला मावशीनं शिकवलं. शिकवताना दोघं इतके भांडले की शेजारी बघायला आले.

घळीचं फाटक अजून आहे, पण तार नाही. माझ्याशिवाय आणखी दोन बसवाले आता तिथं माणसं आणतात. ओब्राद प्रत्येकाला काठी देतो आणि डाव्या बाजूनं चाला म्हणून सांगतो.

एकच घोळ झालाय. सप्टेंबर संपताना मी मावशीला फोन केला की दुसऱ्या दिवशी ओब्रादचा मला येतो. "तिनं काय तारीख दिली?" म्हणून विचारतो, मी सांगितली की नाक मुरडून म्हणतो, "तिला काय कळतंय आत काय चाललंय ते, मी रोज बघतोय." या वर्षी घळीसाठी मावशी म्हणाली सव्वीस, तो म्हणतो अठ्ठावीस. दोघंही ठाम आहेत.

मी सव्वीस धरली आहे.